झाकणाशी उभा राहिलेला सीवर्ट

त्या वर्षांत आमच्या फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या खोल खाडीत, पाच तेलवाहू जहाजं निजवून ठेवली होती. मालकांना ती चालवणं परवडेना आणि मोडीत काढवेना, मग दिली आणून आमच्या दारात बांधून. त्यांची राखण करायला माणसं दोनच. एक सीवर्ट, आणि दुसरा त्याच्या बायकोचा, गुनवरचा, धाकटा भाऊ यूस्टाइन.

गावाला वाटायचं, हे दोघं दिवसभर कॉफी ढोसत पत्ते कुटतात. गावाला काय, बोलायला पैसे पडत नाहीत. निजलेल्या जहाजाचं करणं आजारी माणसापेक्षा जास्त असतं. हवा सुकवायचं यंत्र अष्टौप्रहर चालू हवं, त्याचा जाडजूड पाइप डेकवरून इंजिनघरात सोडलेला. इंजिन आठवड्यातून एकदा पाव फेरा फिरवायचं, नाहीतर ते बसल्या जागी चिकटतं. प्रत्येक टाकीचं झाकण ग्रीस लावून, रबर तपासून, बोल्ट आवळून बंद. सीवर्टने आवळलेला बोल्ट दुसऱ्या कुणाच्या बापाला सहजी उघडायचा नाही.

आणि हाच सीवर्ट घाबरट म्हणून गावभर प्रसिद्ध होता.

त्याला कारण होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, खलाशी असताना, त्याचा दोस्त रास्मुस एका रिकाम्या टाकीत उतरला आणि तळाशी कोसळला. त्याला उचलायला दुय्यम अधिकारी धावत उतरला, तोही त्याच्यावरच पडला. तिसरा सीवर्ट. शिडीवर पाय ठेवायचा होता, पण पाय उचललाच नाही. मदत येईपर्यंत तो वर उभा राहून नुसता ओरडत राहिला. दोघांनाही मेलेलंच बाहेर काढलं. पुढे दुकानात कुणीतरी म्हणालं, "कोण सीवर्ट? तो झाकणाशी उभा राहिलेला?" नाव पडलं ते पडलंच. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्याला ते ऐकू यायचं, आणि मनातून त्याला ते पटलेलंही होतं.

बंद लोखंड आतून गंजतं आणि तो गंज टाकीतली हवा खाऊन टाकतो. वास नाही, रंग नाही, धूर नाही. टाकी रिकामी दिसते आणि अगदी खरोखर रिकामी असते. झाकण जितकं घट्ट, तितकी आतली हवा मेलेली. म्हणजे सीवर्ट जितकं चोख काम करी, तितकी त्याला आपल्याच कामाची भीती वाटे. म्हणून त्याचा नियम होता: झाकण उघडलं की एक दिवस-रात्र पंखा लावायचा, मग दोरीला बांधलेला जाळीबंद दिवा खाली सोडायचा, तो जळत राहिला तरच उतरायचं. उतरताना, आत कोण आहे ते वरच्याला कळावं म्हणून, आपल्या नावाचा पितळी बिल्ला झाकणाजवळच्या खिळ्याला अडकवायचा.

मार्चमधल्या एका गुरुवारी सकाळी यूस्टाइन पाना घेऊन आला.

"दाजी, ऑफिसचा फोन होता. तपासनीस सोमवारी नाही, उद्याच येतोय. तीन नंबरची टाकी बघणार म्हणे."

"मग बघेल शनिवारी. आज उघडू, पंखा लावू, उद्या साफ करू."

"शनिवारी? त्या टाकीत काय भूत बसलंय?"

"भूत असतं तर बरं होतं. भूत निदान दिसतं म्हणतात."

"अहो, तळ पुसायला हवा, गाळ काढायला हवा. साहेबाला काय सांगू, थांब म्हणून?"

"सांग."

"तुम्हीच सांगा. उभं राहून थांबायची सवय तुम्हाला आहे."

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. "दाजी, तसं नव्हतं म्हणायचं मला. कॉफी घेता?"

"इंजिन फिरवून येतो," सीवर्ट म्हणाला आणि खाली गेला. त्याला लागलं होतं. नेहमी तो उघडायच्या टाकीपाशी कुणाला एकटं सोडत नसे, त्या दिवशी सोडलं.

अर्ध्या तासाने वर आला तेव्हा तीन नंबरचं झाकण उघडं होतं. पंखा कोपऱ्यात तसाच पडलेला. शेजारी थर्मासच्या टोपणात ओतलेली कॉफी, आणि तिच्यातून अजून वाफ निघत होती. खिळ्याला बिल्ला नव्हता.

"यूस्टाइन!"

टाकीने त्याचाच आवाज परत दिला.

बॅटरीचा झोत खाली टाकला. तीन मीटरवर शिडीचा पहिला टप्पा होता. तिथे यूस्टाइन कठड्याला गाल टेकून बसला होता, दमलेला माणूस बसतो तसा. ओठ निळे.

सीवर्ट झाकणाशी उभा होता. सगळं अगदी अठ्ठावीस वर्षांपूर्वीसारखं. फरक एकच, या वेळी पाय गेला. एक पायरी, दुसरी पायरी. त्याला स्वतःलाच कळलं नाही. गुनवरचा भाऊ होता तो, सीवर्टच्या लग्नात नऊ वर्षांचा होता, टेबलाखाली लपून केक खात होता. तोंड झाकणाच्या काठाशी आलं आणि सीवर्टच्या डोळ्यांपुढे त्या दुय्यम अधिकाऱ्याचे बूट आले, घाईघाईने खाली उतरणारे. तो तसाच गोठला. मग दोन्ही कोपर काठावर रोवून त्याने स्वतःला बाहेर ओढून काढलं. इतकं जड ओझं त्याने जन्मात कधी उचललं नव्हतं.

"किनारा! किनारा!" तो वायरलेसवर ओरडला. "तीन नंबरच्या टाकीत माणूस पडलाय! श्वासासाठी हवेच्या नळकांड्या घेऊन या! त्यांच्याशिवाय कुणी उतरू नका!"

मग त्याची नजर सुक्या हवेच्या पाइपावर गेली. चार वर्षं तो पाइप त्याने जपला होता, बारीकसं भोकही स्वतः बुजवलं होतं. खिशातला चाकू काढून त्याने तो आडवा चिरला, तोडला, फरफटत आणला, लांब दांड्याच्या आकड्याला बांधून खाली सोडला. पाइपाचं तोंड थेट यूस्टाइनच्या तोंडासमोर आणलं. मागे इंजिनघरात खारी, ओली हवा शिरत होती. शिरू दे म्हणाला.

दिवा पेटवून सोडला. विझला. पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा विझला. यूस्टाइनची छाती हलतेय की पाइपाच्या वाऱ्याने सदरा हलतोय, काही कळेना.

"मी आहे रे इथे," तो खाली वाकून सांगू लागला. "गाढवा, ऐकतोयस का? मी येत नाहीये. येणार नाही मी. पण आहे. इथेच आहे."

बारा मिनिटांनी होडी आली. तोवर तो हेच सांगत होता, आकडा धरलेले हात बधिर झाले होते. पाठीवर नळकांड्या बांधून दोघं उतरले, यूस्टाइनला दोरीने वर घेतलं. डेकवर आणल्यावर तो खोकला, ओकला आणि पुन्हा खोकला. इतका घाणेरडा आवाज सीवर्टला कधी इतका गोड लागला नव्हता.

संध्याकाळपर्यंत दुकानात बातमी पोचली होती. सीवर्ट म्हणे पुन्हा झाकणाशीच उभा होता.

इस्पितळाच्या बाकावर गुनवर त्याच्या शेजारी बसली होती. भाऊ वाचला, डोकं दुखतंय पण नाव-गाव नीट सांगतोय, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती दिवसभर एकदाही रडली नव्हती.

"मी आत गेलो नाही, गुनवर," सीवर्ट म्हणाला.

"माहीत आहे. सांगितलं मला."

सीवर्टने मान हलवली. "तसं खरं नाही ते. दोन पायऱ्या उतरलो होतो."

"दोन?"

तिने त्याची बाही पकडली. "दोघं तिथे पडला असतात, तर मी आधी कुणाला रडले असते रे? मग वर कसा आलास?"

"घाबरलो," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत हा शब्द त्याने तिच्यासमोर कधी उच्चारला नव्हता.

गुनवरने बाही सोडली नाही. "घाबरत जा," ती म्हणाली. "असाच घाबरत जा."