वांग्याची शुगर

हिवाळ्यात कुठंही गोवऱ्यांवर हुरडा भाजल्याचा वास आला की मला मुदखेडजवळचं आमचं शेत आठवतं आणि मान खाली जाते. वडिलांना शुगर आहे आणि रोज बोट टोचायचा त्यांना लई कंटाळा, म्हणून मी नांदेडहून सुईशिवाय शुगर दाखवणारं घड्याळ नेलं होतं. त्यांनी टोचणं सोडूनच दिलं. त्या वर्षी हुरड्याला पाहुणे जमले, तेव्हा आगटीभोवती ते प्रत्येकाला मनगट दाखवत होते, "लेकीनं आणलंय. सुई न्हाई, रगत न्हाई. एकशे दहा, बघा!" आणि हुरड्यासोबत बिनधास्त गूळ खात होते. आत्यालाही शुगर. तिनं घड्याळ मागून आपल्या हाताला बांधलं, तर तिथंही एकशे दहा. मग तिनं भरतासाठी आणलेलं वांगं उचललं आणि त्याला पट्टा आवळला. "अगं पोरी, वांग्याची बी शुगर एकशे दहाच हाय की!" सगळे पोट धरून हसले. कुठं तोंड लपवू असं झालं मला. वडील तेवढे हसले नाहीत. हातातला गुळाचा खडा त्यांनी हळूच खाली ठेवला, वांग्याचं घड्याळ सोडलं, धोतराला पुसून पुन्हा मनगटावर बांधलं आणि म्हणाले, "टाईम तर बरोबर दाखवून राहिलंय." आता ते रोज सकाळी मुकाट्यानं बोट टोचून घेतात. घरात कुणी किती वाजले विचारलं की अजून त्याच घड्याळात बघून सांगतात, आणि मी मोबाईलमध्ये डोकं घालते.