पाय बघून जामीन

मुलांनो,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, तिकडे खोली भाड्याने घ्यायची तर हमी देणारा माणूस लागतो आणि तुम्हाला असा कुणी मिळत नाही. फोन ठेवला आणि मला कर्जतच्या कोर्टातले एक जामीनदार आठवले. म्हणून हे आजच लिहून ठेवते.

आरोपी समोर आला की ते आधी खाली वाकून त्याचे पाय बघत. "वकीलबाई, मानूस खोटं बोलतो तोंडानं, पन पळतो पायानं," असं त्यांचं म्हणणं.

सत्तरनंतरची ती पहिली वर्षं. मी नवी वकील. हे गृहस्थ साधे शेतकरी. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसलेले असायचे, जमिनीचा सातबारा धोतराच्या सोग्यात बांधून. ओळखीच्या-बिनओळखीच्या कुणालाही ते जामीन राहायचे. मोबदला चहा, तोही बशीत ओतून, फुर्रकन.

एकदा पोलिसांना एका बैराग्याच्या झोळीत गांजा सापडला. पंचांसमोर पुडी बांधली, दोऱ्याच्या गाठीवर लाखेचं सील झालं, थोडा माल पुण्याला तपासणीला गेला. अहवाल यायला महिने लागणार होते. बैराग्याची वकील मी; तोवर त्याला जामीन हवा, आणि त्याला ना घर ना गाव. न्यायाधीश साहेबांनी अट घातली: जमीनवाला जामीनदार आणा, आरोपी त्याच्याकडेच राहील. आरोपी पळाला, तर रक्कम जामीनदाराच्या जमिनीतून वसूल होणार.

जामीनदार वाकले. बैराग्याच्या टाचांना वैशाखातल्या काळ्या रानासारख्या भेगा होत्या.

"ह्ये पाय लई हिंडलेत," ते म्हणाले आणि सही करायला निघाले.

"अहो, मग हा तर नक्की जाईल!"

"बाई, पळनारे पाय येगळे आन् चालनारे येगळे. तुमच्या पुस्तकात न्हाई का ह्ये?"

नव्हतं.

जामीनदारांच्या घरी गेल्यावर बैराग्याने सांगितलं, "एका छपराखाली तीन रात्रींच्या वर ऱ्हायचं न्हाई, गुरूची आन हाय." आता आली पंचाईत. जामीनदारांनी डोकं खाजवलं आणि तोड काढली: तीन रात्री ओसरीत, तीन गोठ्यात, तीन मळ्यातल्या छपरात, मग पुन्हा ओसरी. चौकशीला आलेला हवालदार तिन्हीकडे हिंडून कावला.

जामीनदारांची बायको मला म्हणाली, "बगा की बाई, लेकरांची भाकर बुवाच्या चिलमीत घातली ह्यांनी. बुवा गेला की रान गेलं."

"न्हाई जात," जामीनदार भिंतीकडे बघत म्हणाले.

खटल्याच्या तारखेला पुकारा झाला, आणि बैरागी गायब. मळ्यातून पहाटेच गेला होता. बायको दाराशी पदर तोंडात धरून उभी. साहेबांनी जामीनदारांना पुढे बोलावलं. त्या दिवशी प्रथमच मी त्यांना स्वतःच्या पायांकडे बघताना पाहिलं.

तेवढ्यात दारात ओलं भगवं दिसलं.

"कोर्टात यायचं म्हनून सीना नदीवर न्हाऊन आलो," बैरागी म्हणाला. जणू देवळातच आला होता.

मग पुडी पुढे आली. पोलिसांच्या मालखान्याच्या पत्र्याखाली उन्हाळाभर तापून लाख वितळली होती. ठसा कुणाचा, ओळखू येईना. ही तीच पुडी कशावरून, असं मी विचारलं. सरकारपक्षाला ते सिद्ध करता येईना. संशयाचा फायदा मिळून बैरागी सुटला.

बाहेर येताच जामीनदार म्हणाले, "सरकारची लाख इतळली, आमचा बुवा न्हाई इतळला!"

"गप ऱ्हावा," बायको डोळे पुसत म्हणाली, "आन् पुढल्या खेपंला पाय बघायच्या आदी मला इचारा."

बैरागी तिथूनच चालू लागला. मागे वळून बघितलं नाही. जामीनदार मात्र रस्त्याच्या वळणापर्यंत त्याच्या टाचा बघत उभे होते.

त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. लिंब रस्तारुंदीत गेला. कितीजणांसाठी त्यांनी ते रान पणाला लावलं, कोण जाणे. ते रान अजून त्यांच्याच घरात आहे. नातू त्यात ज्वारी करतो.