साजिदाने पुसलेली वाट

साजिदाबद्दल लिहायचं तर आधी एक गोष्ट सांगून टाकते. अफगाणिस्तानातल्या ज्या प्रांताचा आम्ही नकाशा केला, त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. जिल्ह्याचंही नाही आणि गावाचंही नाही. विचारायला फोन करू नका, उगाच माझ्या तोंडून चार शब्द ऐकाल. बाकी सगळं सांगते, अगदी साजिदाच्या डब्यातल्या सोड्यांच्या भातापर्यंत.

आमचं ऑफिस आखातात, जुमेरा लेक टॉवर्समध्ये. काम असं की, एखाद्या संस्थेला कुठल्या तरी देशात शाळा, दवाखाने, विहिरी बांधायच्या असतात आणि तिथला धड नकाशा कुणाकडे नसतो. मग आम्ही उपग्रहाचे फोटो स्क्रीनवर लावतो. रस्ता दिसला की त्यावर रेघ ओढायची, घरं दिसली की ठिपका द्यायचा, आणि मग तिथल्या माणसांना फोन लावून विचारायचं, बाबांनो, या गावाला म्हणता काय, शाळा चालू आहे का, दवाखान्यात औषधं असतात का. मी स्वतः रेघा ओढत नाही. मी रिपोर्ट लिहिते आणि दुसऱ्यांच्या चुका काढते. पुण्याची आहे मी, आणखी काय सांगू!

साजिदा रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावची. नवरा हमीद, मुलगी यम्ना, राहायला अजमानला. रोज दोन बस आणि मेट्रो बदलून ऑफिसला यायची आणि तरी माझ्या आधी जागेवर हजर. मी अल बर्शाला, म्हणजे उडी मारली की ऑफिस, आणि मी उशिरा. यावरून तिने मला किती छळलं असेल! ‘मंजुषाताई, आज ट्रॅफिक होता वाटतं अल बर्शात?’ असं अगदी गरीब चेहरा करून विचारायची.

तिचं काम म्हणजे सफाई. पोरं भराभर रेघा ओढत सुटतात, त्यातल्या फालतू कोणत्या ते ठरवून पुसायच्या. आमचा एक नियम होता. मोठ्या रस्त्याच्या शेजारून एखादी पायवाट निघाली आणि पुढे जाऊन त्याच रस्त्याला मिळाली, तर ती डुप्लिकेट धरायची आणि काढून टाकायची. रस्ता असताना माणसं वाटेने कशाला जातील? साजिदा हे काम इतकं झपाझप करायची की मी तिला म्हणायचे, ‘बाई, तू नकाशा करतेस की जिल्ह्याला झाडू मारतेस?’ तिला ते आवडायचं. साजिदाने पाहिलेल्या नकाशात कुणाला काही सापडलं नाही, हा तिचा मोठा अभिमान होता.

तर त्या जिल्ह्यात बायकांसाठी बाळंतपणाचा दवाखाना बांधायचा होता. एकच. पैसे देणाऱ्या संस्थेने सांगितलं होतं, जागा तुम्ही सुचवा. वरच्या अंगाला डोंगरातली गावं, मग बाजार, बाजारात शस्त्रधारी माणसांची चौकी, आणि बाजाराच्या बरंच खाली एक बारमाही झरा. एकुलता एक मोठा रस्ता या सगळ्यांतून जाणारा. आमचे टीम लीड विजयकुमार सर यांनी बाजारावर बोट ठेवलं. ‘ऑल रोड्स लीड हिअर. सिंपल आहे. पुढच्या आठवड्यात फायनल करू.’ नकाशा बघितला तर त्यांचं बरोबरच होतं.

त्याच शुक्रवारी साजिदाने मला जेवायला बोलावलं. माझी टॅक्सी तिच्या बिल्डिंगसमोर थांबली. समोर कॅफेटेरिया, बाहेर खुर्च्या टाकून पुरुष मंडळी करक चहा पीत बसलेली. साजिदा मला घ्यायला खाली आली आणि समोरच्या दाराने न नेता मला सरळ बाजूच्या बोळात घेऊन गेली. कचऱ्याचे डबे, एसीचं टपटपणारं पाणी, एक मांजर. माझी नवी कोल्हापुरी!

‘अगं, समोर एवढा चांगला रस्ता असताना तू मला उकिरड्यातून का नेतेयस?’ मी भडकलेच.

‘सवय हो, ताई. तिथे सगळे बसलेले असतात ना. कोणी काही बोलत नाही, पण आम्ही सगळ्याच इथूनच...’

आणि ती थांबली. तिथेच, डब्यांच्या मध्ये. मला वाटलं चावी विसरली.

‘मंजुषाताई,’ ती म्हणाली, ‘मी त्यांच्या वाटा पुसल्या हो.’

जेवण कसलं होतंय! बिर्याणी समोर ठेवून ही बोलतच राहिली. तिच्या गावात बंदराकडे जाणारा मोठा रस्ता आहे, पण तिने तो लहानपणी जवळजवळ पाहिलाच नव्हता. बंदरावर पुरुष बसायचे. बायका मागच्या पाखाडीने जायच्या. पाखाडी म्हणजे कोकणातली दगडी पायऱ्यांची अरुंद वाट. परसांमागून, विहिरीवरून, फणसाखालून. माहेरी, दर्ग्याला, डॉक्टरकडे, सगळं तिथूनच. ‘माझी आई चाळीस वर्षांत एकदा पण बंदरावरून गेली नसेल. आणि मी काय केलं? त्या जिल्ह्यात बाजाराच्या मागून एक वाट दिसत होती, तुतीच्या बागांमागून, पाटाच्या कडेकडेने, खाली झऱ्यापर्यंत. रस्त्याला लागूनच होती म्हणून मी पुसून टाकली. डुप्लिकेट म्हणून! मला, मला कळू नये?’

यम्ना फोनमधून मान वर काढून म्हणाली, ‘मम्मा, जस्ट अनडू इट.’

‘पोरगी बरोबर बोलतेय,’ मी म्हटलं. ‘जुनी प्रत आहे ना? रविवारी... अगं, म्हणजे सोमवारी जायचं, सरांना सांगायचं, वाट परत टाकायची, खलास. दवाखाना बाजारात नको, खाली झऱ्यापाशी हवा, हे मग नकाशाच सांगेल.’ इथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची शनिवार-रविवार होऊन किती दिवस झाले, तरी माझ्या जिभेवर अजून जुना रविवारच.

साजिदाला आपली चूक सांगायची लाज वाटत होती. स्वच्छ काम करणारी म्हणून तिचं नाव होतं आणि ते तिने फार जपलं होतं. पण ती म्हणाली, सांगेन. फक्त आधी नबिलाला विचारते.

नबिला त्या जिल्ह्यातली सुईण. नव्या दवाखान्यात तीच काम करणार होती. लहानपणी काही वर्षं पेशावरला निर्वासित म्हणून काढलेली, त्यामुळे उर्दू चांगलं बोलायची. साजिदा दर आठवड्याला तिला फोन करून औषधांची, पेशंटची माहिती घ्यायची. सोमवारी फोन लावला तेव्हा लिहून घ्यायला मी शेजारी बसले होते.

साजिदाने विचारलं, वरच्या गावातल्या बायका बाजारातून येतात का?

पलीकडून हसण्याचा आवाज आला. ‘बाज़ार से? आपा, चौकी के सामने से कौन औरत जाएगी? हमारा अपना रास्ता है ना, पीछे से. सब औरतों को मालूम है.’

‘आपने कभी बताया नहीं?’

‘किसी ने पूछा कब?’

साजिदाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू परीक्षेत पास झाली. भरभर म्हणाली, ‘मैं आज ही नक्शे में डाल देती हूँ.’

मग नबिलाचा आवाज आला, अगदी हळू. ‘नहीं आपा. नक्शे में मत डालिए. आपका नक्शा चौकी पर भी लगेगा. अभी वो उस तरफ़ देखते नहीं, उनको लगता है खेत हैं. लकीर देखेंगे तो वहाँ भी कोई खड़ा हो जाएगा. फिर हम किधर से जाएँगे?’

खरंच होतं ते. आमचे नकाशे छापून सगळ्यांना वाटले जातात, तिथल्या कारभाऱ्यांना तर आधी. तसा करारच असतो. मी पेन खाली ठेवलं.

त्या दुपारी पँट्रीत आमचं भांडण झालं. माझाच आवाज चढला. ‘अगं पण मग सरांना काय दाखवणार? वाट दाखवली नाही तर दवाखाना बाजारात होणार, आणि बाजारात झाला तर एक बाई येणार नाही! घरातच बाळंत होतील आणि घरातच मरतील. हे बघवणार आहे तुला?’

‘नाही बघवणार,’ ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘पण ती नको म्हणाली ना. वाट तिची आहे. मी कोण तिला चव्हाट्यावर आणणारी?’

मला तिचा राग आला आणि रडूही आलं. मी दुधाचा कप ओट्यावर आपटला आणि निघून आले.

मीटिंगमध्ये साजिदा म्हणाली, ‘सर, दवाखाना झऱ्यापाशी करा.’

विजयकुमार सर वाईट माणूस नाही. ठाण्याचे, सज्जन, पण नकाशापुढे देवाचंही ऐकणार नाहीत. ‘झऱ्यापाशी? साजिदा, लुक अॅट द रूट. वरच्या गावांना बाजार ओलांडून पुढे आणखी चालावं लागेल. कशाला चालतील त्या?’

‘चालतील.’

‘कशावरून? आय नीड अ रीझन.’

साजिदाला कारण माहीत होतं, मला माहीत होतं, आणि दोघींना बोलता येत नव्हतं. मग ती म्हणाली, ‘बाजारात केलात तर नबिला येणार नाही. घरचे पाठवणार नाहीत. सुईणच नसेल तर दवाखाना काय करायचा, सर? झऱ्याला बारा महिने पाणी आहे. औषधांच्या गाडीला रस्ता आहे. एवढं ऐका माझं.’

सरांनी लॅपटॉप पुढे ओढला. ‘ठीक आहे. पण नकाशा याच्या विरोधात आहे, हे मी लिहिणार. निर्णय तुझा, नाव तुझं. उद्या तिथे कुत्रं फिरकलं नाही तर माझ्याकडे यायचं नाही.’

‘लिहा, सर.’

मी तिच्या शेजारी गप्प बसून होते. मी गप्प! माझ्या घरी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही.

दवाखाना झाला. पहिल्या महिन्यात बायका तुरळक आल्या. साजिदा डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. मी विचारायचे, काही कळलं का? ती म्हणायची, इन्शाल्ला. मग एक दिवस तिने हेडफोनचा एक कान माझ्या कानाला लावला. नबिलाचा आवाज, मागे कुठल्या तरी बाळाचं केकाटणं. ‘सुन रही हैं, आपा? आज सुबह का है. नानी ले के आई, पीछे से.’ आम्ही दोघी तिथेच, सगळ्यांसमोर, वेड्यासारख्या रडलो. सरांनी लांबून विचारलं, ‘एव्हरीथिंग ओके?’ मी म्हटलं, सोड्यांचा भात तिखट झालाय.

पुढे आकडे वाढले आणि संस्थेला शंका आली. त्यांनी सरांना लिहिलं, इतक्या बायका वरच्या गावांतून येतात तरी कशा? चौकीवाले म्हणतात, बाजारातून कुणी जात नाही. तुमच्या नकाशात एखादी वाट राहिली आहे का?

सरांनी साजिदाला बोलावलं, मीही गेले. ‘साजिदा, तुझ्याकडून काही सुटलं का? एवढी मोठी गोष्ट?’

मी तोंड उघडणारच होते, पण तिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

‘सुटलं असेल, सर,’ ती म्हणाली. ‘शोधते.’

अजून शोधतेच आहे. वर्षाच्या शेवटी तिच्या रिव्ह्यूमध्ये शेरा आला: बारीक वाटा नजरेतून सुटतात. पगारवाढ नाही, वर नव्या पोरांबरोबर ट्रेनिंगला बसण्याची शिक्षा. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, ‘मी जाऊन सरांना सांगते, नोकरी गेली तरी चालेल.’ ती म्हणाली, ‘ताई, तुमची नोकरी जाईल आणि त्यांची वाट पण जाईल. बसा गप.’

ट्रेनिंगला मीही जाऊन बसले, रिपोर्टवाल्यांनाही हे कळायला हवं असं सांगून. साजिदा पहिल्या रांगेत, मांडीवर डबा. शिकवायला निखिल. हे काम त्याला साजिदानेच शिकवलेलं, त्यामुळे बिचारा तिच्याकडे बघत नव्हता. त्याने एकेक चित्र लावलं. बारीक वाट कशी ओळखायची, पाट कसा, बांध कसा. आणि मग ते चित्र आलं. तुतीच्या बागा. खाली झरा. संस्थेच्या पत्रामुळे त्याने मुद्दाम तेच घेतलं असणार.

‘इथे एक फिकट रेघ दिसतेय,’ निखिल म्हणाला. त्याने ती मोठी केली. पोरं पुढे झुकली. ‘मला वाटतं ही वाट असावी. पण शुअर नाही.’ मग, सवयीने, तो तिच्याकडे वळला. ‘मॅडम, तुम्हाला काय वाटतं?’

ती उठून स्क्रीनजवळ गेली. चष्मा लावला. त्या रेघेवरून बोट फिरवत वरच्या गावांपासून बागांमागून झऱ्यापर्यंत आली, सावकाश, एखाद्याला हात धरून घरी पोचवावं तशी.

‘वाट नाही,’ ती म्हणाली. ‘पाटाची कड आहे. माझी पण पहिल्यांदा अशीच फसगत झालेली.’

‘ओके, थँक्स मॅडम,’ निखिल म्हणाला, आणि त्याने पुढचं चित्र लावलं.