साडूभाऊंचा लाल दोरा

सुरत शहरात निर्दोष अशी एकही वस्तू नाही, हे शपथेवर सांगू शकेल असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझा साडू आहे. उधन्याच्या एका कापड कारखान्यात त्यांनी उभी हयात ताके तपासण्यात घालवली. दिव्याच्या टेबलावरून कापड सरकत असे, आणि जिथे धागा तुटलेला दिसेल तिथे ते काठाला लाल दोऱ्याची गाठ मारत. घेणाऱ्याला दोष कुठे आहे ते आधीच कळावे म्हणून. निवृत्तीनंतर टेबल सुटले, पण ती नजर सुटली नाही. एका नातलगाच्या अंत्ययात्रेत सगळे माना खाली घालून उभे असताना ते माझ्या कानाशी लागले, "सर, वरच्या कापडात दोन जागी आडवा धागा तुटलाय. जाताना तरी माणसाला चांगलं कापड द्यावं." मी शाळामास्तर होतो म्हणून ते मला सर म्हणतात. वर्गाबाहेर चार माणसांत बोलायचे झाले की मी विषय बदलतो, हे त्यांनी कधी मनावर घेतले नाही.

"आधी दोष दखाडाना, मंग माल देवाना," हे त्यांचे घरच्या अहिराणीतले तत्त्वज्ञान. आधी दोष दाखवायचा, मग माल द्यायचा. हेच तत्त्वज्ञान त्यांनी लग्नांना लावले. मुहूर्तावर त्यांचा विश्वास नाही, देवावर नाही आणि भटजींवर तर मुळीच नाही. कचेरीत नोंदणी करावी आणि मग माणसांनी माणसांच्या साक्षीने लग्न लावावे, असे त्यांचे म्हणणे. कोणी जोडपे तयार झाले की तीन रविवार ते त्यांना समोर बसवून प्रश्न विचारत. कंटाळून कोणी म्हणाले, "काका, मागच्या लग्नात केलं तेच करा ना," तर ते उसळत. "मापाशिवाय ब्लाउज शिवत नाहीत, आणि लग्न शिवायचं?" मंगलाष्टकांच्या जागी आठ साक्षी असत. प्रत्येकाने वधूची किंवा वराची स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगायची. ऐकीव काही चालत नसे. सुरतेजवळच्या सचिन वसाहतीत, शिवणखात्यात जमलेल्या एका जोडप्याला त्यांनी शिलाई मशीनभोवती चार फेरे घालायला लावले होते. शेवटी वधूवरांनी आपापला एक दोष सर्वांसमक्ष सांगायचा आणि एकमेकांच्या मनगटाला लाल दोरा बांधायचा. एका नवरदेवाने आपण घोरतो असे सांगितले, तेव्हा साडूभाऊंनी लग्न थांबवले. "घोरणं हा आवाज आहे. दोष सांग." बिचारा घामाघूम होऊन म्हणाला, "राग आला की मी फोन बंद करतो आणि घरी येत नाही." वधू हसली. "मला माहीत होतं. यांना माहीत आहे का, तेवढंच बघायचं होतं."

लोक ही लग्ने पाहायला आवडीने येत, जिलेबी खात, टाळ्या वाजवत, आणि आपल्या मुलीची वेळ आली की गुपचूप भटजींकडे जात. साडूभाऊ म्हणत, "माझ्या पोरीच्या लग्नात बघा." ती त्यांची एकुलती एक. तिच्यासाठी त्यांनी वर्षभर एक वही भरली. शुद्धलेखन तपासायला ती वही माझ्याकडे आली. आठवा साक्षीदारही मीच होतो. तिचा दोष त्यांनी स्वतःच लिहून टाकला होता : 'मनातलं तोंडावर सांगत नाही. बापालाही नाही.' तिचे तीन रविवार मात्र कुठेच दिसेनात. मी विचारले, तर म्हणाले, "घरच्या पोरीला काय विचारायचं?"

लग्नाला आठ दिवस असताना मुलगी माझ्याकडे आली. "काका, मला सगळ्यांसारखं लग्न हवंय. हळद, अक्षता, सगळं. सासूबाईंनी भटजी ठरवलेत आणि मी हो म्हटलंय. तुम्ही सांगा ना पप्पांना. मी बोलले की ते प्रश्न विचारत बसतील." घरातल्या बायकांना सारे ठाऊक होते, पुरुषाने पुरुषाला सांगावे म्हणून ते काम माझ्या माथी आले. मी हो म्हटले. त्यानंतर चार संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. चारही वेळा चहा घेतला, वहीतल्या वेलांट्या सुधारल्या आणि परत आलो. शेवटच्या दिवशी त्यांनीच विचारले, "सर, काही बोलायचंय का?" मी म्हणालो, "साखर थोडी जास्त झाली."

कार्य वरपक्षाकडे होते, कोसाडजवळच्या एका हॉलमध्ये. साडूभाऊ बगलेत वही आणि खिशात दोऱ्याचे रीळ घेऊन आले, तेव्हा मंचावर भटजी होमासाठी विटा मांडत होते. विहीणबाई हसत पुढे आल्या. "या व्याही! तुमच्या त्या गाठी घरी मारा हो. आमच्यात लग्न अग्नीपुढं लागतं." भोवतीचे लोक हसले. त्यांतल्या कित्येकांनी यांच्या लग्नांतली जिलेबी खाल्लेली होती. साडूभाऊंनी मुलीकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले. मग तेही माझ्याकडे वळले.

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"आठ दिवस."

ते मंचावर गेले. पाटावर बसले, भटजींनी सांगितले तसे पाणी सोडले, कन्यादान केले. अक्षता पडल्यावर कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन त्यांनी खिशातले रीळ काढले, दोरा तोडला आणि दातांनी ओढून आपल्याच मनगटाला गाठ मारली. मी शेजारी बसलो आणि माझा हात पुढे केला.

"राहू द्या, सर," ते म्हणाले. "तुमच्या कापडाला काठच नाही. गाठ मारू कुठं?"

इतके अचूक निदान माझे आजवर कोणी केलेले नाही. त्यानंतर त्यांनी एकही लग्न लावले नाही. सचिनहून एक जोडपे दोनदा येऊन गेले. "आता मला दिसत नाही," असे सांगून त्यांनी त्यांना परत पाठवले. वयाच्या पासष्टीला मी हे लिहायला बसलो आहे, ते त्या चार संध्याकाळी बोललो नाही म्हणून. त्याचा आता कोणाला उपयोग नाही, हेही मला कळते.

दिवाळीला मुलगी माहेरी आली, तेव्हा मी तिथेच होतो. चहा देताना तिने सहज विचारल्यासारखे विचारले, "पप्पा, माझा दोष काय लिहिला होता हो तुम्ही?"

"ती वही रद्दीत गेली, बेटा," साडूभाऊ म्हणाले. वही त्यांच्या मागच्या फळीवर होती. मला दिसत होती, आणि तिलाही दिसत असावी. मग सवयीने त्यांनी तिच्या नव्या साडीचा काठ बोटांत धरला, खिडकीच्या उजेडाकडे नेला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"चांगलं आहे कापड," ते म्हणाले, आणि काठ अलगद सोडून दिला.

त्यातला तुटलेला धागा मला माझ्या खुर्चीवरूनही दिसत होता.