नावाच्या जागी डाग

एका मेलेल्या माणसाचं नाव मी दोनदा गिरवून बुजवून टाकलं. माझं वय तेव्हा एकोणीस, शाळेत सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळालेलं. त्यामुळे ताठा भरपूर आणि अक्कल शाईइतकी पातळ.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत शेजारी मालवणकडच्या काकू राहायच्या. त्यांचा मुलगा गोळीबारात गेला. वर्तमानपत्रात नुसता आकडा आला. काकूंना लिहितावाचता येत नव्हतं, पण शोकसभेच्या पत्रकावर त्याचं नाव छापून यायला हवं, एवढं एकच त्यांनी माझ्या दादाला सांगितलं. दादा पत्रकांच्या प्रती काढायचं सायक्लोस्टाइलचं यंत्र फिरवायचा. संचारबंदीत दुकानं बंद, घरात स्टेन्सिल एकच उरलेलं.

स्टेन्सिल म्हणजे मेण चढवलेला झिरझिरीत कागद. टोकदार लोखंडी लेखणीने लिहिलं की तेवढंच मेण निघतं आणि तिथून खालच्या कागदावर शाई झिरपते. हात हलका ठेव, दादाने बजावलं. जोर दिलास तर गोल अक्षरांच्या पोटातला कागदच गळून पडेल. पण मला कोण शिकवणार? बाकीचा मजकूर नीट उतरवला. नाव मात्र ठसठशीत दिसावं म्हणून पुन्हा गिरवलं, चांगलं दाबून.

पत्रकं निघाली. सभेची जागा, वेळ, सगळं स्वच्छ. नावाच्या जागी काळा डाग. दादा हँडल फिरवत राहिला. मी कागद उचलून रचत राहिले. रडू आलं नाही. बोटांची शाई पुसायला हवी, एवढंच सुचत होतं.

अलीकडे नातीने शब्दकोशातून वाचून दाखवलं. स्टेन्सिल हा शब्द म्हणे चमचमत्या ठिपक्यांनी सजवणं अशा अर्थाच्या एका जुन्या फ्रेंच शब्दावरून आला, आणि त्याचंही मूळ लॅटिनमधल्या ठिणगीत. मी म्हटलं, बाई, माझ्या हाताखाली त्या ठिणगीचा कोळसाच झाला.

पत्रक घेऊन काकूंकडे मीच गेले. नाव कुठे आहे ते दाखव म्हणत त्यांनी बोट पुढे केलं. मी ते बोट डागावर ठेवलं आणि काय करून बसले ते सांगितलं. काकू बराच वेळ त्या डागावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या,

"ऱ्हवांदे गो चेडवा. आता ह्यां नाव कोणाकच वाचूक येवचां नाय. सगळे माकाच इचारूक येतले."