माहेरची वाटी

इंग्लंडमधल्या आमच्या लेस्टरमध्ये मराठी लग्न असलं की शकूमावशी जेवणाआधी नवरीला गाठायचीच. तिचा हात हातात घ्यायची, बांगड्या निरखायची, "छान आहेत हो" म्हणायची आणि मग अगदी गोड आवाजात विचारायची, "कुठल्या खाणीतल्या?" नवरी बिचारी आईकडे बघायची. आई सांगायची, "बेलग्रेव्ह रोडवरून घेतल्या." "दुकान नाही विचारलं, खाण विचारली," असं मावशी म्हणाली, की तिच्या यजमानांना, अण्णांना, एकदम जिलबीची आठवण व्हायची आणि ते तिला ओढून न्यायचे.

मावशी माझी सख्खी नव्हे. ती माझ्या आईची मैत्रीण. दोघी लग्न होऊन पुण्याहून इथे आल्या त्या मागोमागच. मी युनिव्हर्सिटीत असताना आई गेली आणि मावशीचं घर हेच माझं माहेर झालं. ती कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवायची. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट होती तोवर तिने तिथलं एक सफरचंद घरात येऊ दिलं नाही. तिथे पैसा गुंतवणाऱ्या बँकेसमोर फलक धरून पावसात उभी राहायची आणि घरी येऊन अण्णांना शिंका ऐकवायची. पण तिचा खास राग होता तो सोन्याच्या खाणींवर. तो ती पोळ्या लाटता लाटता काढायची.

"हे बघ, ही कंपनी त्या कंपनीची सून. ती कंपनी हिच्याच सासऱ्यांची आत्या. पाचसहा घरं, आणि सगळी सोयरीक आपापसात. जमीन तिथली, पैसा आपल्या लंडनचा, आणि मजूर शेजारच्या देशांतून आणलेले, बायकापोरं मागे ठेवून. परक्या माणसाला या घरात एकच वाट. खाली, खाणीत." मी पुढे झाले फिजिओथेरपिस्ट, पण होल्डिंग कंपनी म्हणजे काय हे मला आजही पोळीच्या वासासकट कळतं.

तिचा नियम साधा होता. आपल्यासाठी गुंजभरही नवं सोनं जमिनीतून निघता कामा नये. अंगावर एकच दागिना, लग्नातलं मंगळसूत्र. राजवट जाऊन पाचेक वर्षं झाली तेव्हा मराठी मंडळातल्या बायका म्हणाल्या, शकूताई, आता घ्या की दोन बांगड्या. मावशी म्हणाली, "राजवट गेली, पण मालक कुठे गेले? त्यांनी ऑफिस लंडनला आणलं. आता तर ते आपले शेजारी झाले." मग बायकांनीही नाद सोडला.

दोन हजार चारमध्ये माझं लग्न ठरलं. निखिल लंडनजवळच्या वॉटफर्डचा, जन्मही तिथलाच. एका रविवारी तो मावशीकडे जेवायला आला आणि निरोप सांगू लागला, "माझा आई म्हणाला, मंगळसूत्राची एक वाटी आम्ही करणार, दुसरी माहेरची. पण मावशी, गळ्यात बाउल कशाला?"

"आधी आईला बाई कर, मग लग्न कर," मावशी म्हणाली. आम्ही पोट धरून हसलो. पण हसता हसता मला प्रश्न पडला. माहेरची वाटी द्यायची कोणी? मावशीकडे मागावी तर तिचा नियम मोडायचा. दुसऱ्या कोणाची घ्यावी तर ती कसली माहेरची? मी पोळ्या आणायला उठले.

पुढच्या शनिवारी ती म्हणाली, "कोट घाल." आम्ही बेलग्रेव्ह रोडवर एका गुजराती सोनाराकडे गेलो. तिने गळ्यातलं मंगळसूत्र काढून काउंटरवर ठेवलं. "यातली माहेरची वाटी सोडवा. हिच्या मंगळसूत्रात ओवायची आहे." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ती म्हणाली, "रडतेस काय? जुनं सोनं आहे, नवीन खणायला नको. आणि तुझी आई असती तर तिने दिलीच असती की."

सोनार आत गेला तो बराच वेळ आला नाही. आला तेव्हा वाटी तळहातावर होती आणि चेहरा ओशाळलेला. "बेन, दुसरी वाटी सोन्याची आहे. ही तांब्याची. वर नुसता मुलामा."

मावशीचा चेहरा पडला. तो पडलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. तिचे वडील लवकर गेले होते, आईने शिवणकाम करून तिचं लग्न लावलं होतं. त्या माउलीने काय केलं असेल ते आम्हाला दोघींनाही तिथेच समजलं. मावशीने काचेवर हात टेकला. मग शोकेसकडे बोट दाखवून म्हणाली, "ती नवी वाटी दाखवा. बावीस कॅरटची."

मी तिचा हात धरला. "मावशी, आणि नियम?"

"नियम माझा आहे, माहेर तुझं आहे. सासूसमोर तुला तांबं घालून उभी करू?"

"मला तीच हवी. तुझ्या आईने तुला तांबं देऊन धाडलं, तुझं काही बिघडलं का?"

आधी मावशीचे खांदे हलले, मग पोट, आणि मग ती इतकी हसली, की सोनाराने खुर्ची आणली. "म्हणजे आई माझ्या आधीपासून बहिष्कार घालून बसली होती, आणि मी इथे फुकटचा भाव खात होते." डोळे पुसता पुसता ती अचानक थांबली. वाटी उचलून उजेडात धरली आणि सोनाराला विचारलं, "पण तांबं? कुठल्या खाणीतलं? दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेकडच्या तांब्याच्या खाणी त्या सोनेवाल्यांच्याच जावयाच्या होत्या हो."

सासूबाईंना मी आधीच सगळं सांगून टाकलं. त्यांनी लग्नात वाटी बोटांत धरून पाहिली आणि मावशीच्या कानाशी म्हणाल्या, "माझीही एकदा तपासून घ्यायला हवी." तेव्हापासून दोघींचं मेतकूट जमलं. मावशीच्या गळ्यात पुढे एकच वाटी राहिली. कोणी कारण विचारलं की ती खुलायची. "बसा, सांगते," म्हणायची आणि सुनांपासून जावयांपर्यंत सगळं खानदान काढायची.

मागच्या वर्षी ती गेली. तिची फार आठवण येते, पण आली की हसूच येतं, त्याला काय करू? माझ्या वाटीचा मुलामाही आता उडाला आहे. मी मुद्दामच परत चढवला नाही. परवा वॉटफर्डला एका लग्नात नवरीने माझ्या गळ्याकडे पाहून विचारलं, "काकू, तुमचं एक वाटी लाल का आहे?"

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. तिचा हात हातात घेतला. बांगड्या खरंच छान होत्या.

"सांगते," मी म्हटलं. "पण आधी तू सांग, या कुठल्या खाणीतल्या?"