नानांची तेरा दिवसांची फळी

"मरेल नही शे, जपेल शे," धुण्याच्या खोलीतून आवाज आला. मेलेलं नाही, झोपलंय. मी दारातच थबकले. आत आमच्या प्रयोगशाळेचे अटेंडंट नाना एकटेच होते. हातात जिवाणू वाढवायची काचेची प्लेट होती आणि ते तिच्याशीच बोलत होते. प्लेट माझी होती. काहीच उगवलं नाही म्हणून मी ती आदल्या दिवशी बादलीत टाकली होती. मी गुपचूप मागे फिरले. गुपचूप मागे फिरणं मला छान जमायचं.

नाना धुळ्याच्या आमच्या कॉलेजात तीन भाषा बोलत. माझ्या मार्गदर्शक मॅडमशी पुस्तकी मराठी, आम्हा मुलींशी 'प्लीज' आणि 'ओके' पेरलेली, आणि जिवाणूंशी अहिराणी. माझ्या घरी आई-पप्पा आपसात अहिराणी बोलायचे, माझ्याशी कधीच नाही. मला सगळी समजायची, पण तोंडातून एक शब्द निघायचा नाही. एकदा धीर करून विचारलं, "नाना, यांच्याशी अहिराणीत का बोलता?"

"तुम्ही इंग्रजीत बोलता, म्हणून तर मरतात ते."

माझा प्रकल्प राजस्थानातल्या वाळवंटी वाळूवर होता. वाळू अतिनील दिव्याखाली धरायची, त्यातूनही जे जिवाणू वाचतील ते वाढवायचे आणि जीव वाचवायला ते कोणतं रंगद्रव्य बनवतात ते शोधायचं. उद्या त्यातून उन्हापासून वाचवणारं मलमही निघू शकेल. हे ऐकून नाना म्हणाले, "त्यासाठी वाळू कशाला मागवली? मी जळगावात वाढलो. मलाच ठेव त्या दिव्याखाली."

पण वाचत कुणीच नव्हतं. चार वेळा प्लेट कोरीच निघाली. महिनाअखेर काही उगवलं नाही तर विषय बदल, असं मॅडमनी बजावलं. म्हणजे वर्ष वाया.

वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे नानांच्या 'कुकर'मध्ये, शिजवून धुणं हे त्यांचं काम. कोरी प्लेट मात्र ते लगेच शिजवत नसत. पिशवीत बांधून खिडकीवरच्या फळीवर तेरा दिवस ठेवत. "तेरावं झाल्याशिवाय मी कुणालाच मेलेला धरत नाही." मॅडम ओरडल्या की "हो मॅडम" म्हणत आणि फळीवरचा पडदा नीट ओढून घेत.

अकराव्या दिवशी त्यांनी मला खुणेनं बोलावलं. माझ्या टाकलेल्या प्लेटवर मोहरीएवढे गुलाबी ठिपके उमटले होते. "पाव्हना लांबना शे," नाना म्हणाले. "एवढ्या लांबून आला आणि त्याचे पाय धुऊन होत नाहीत तोच तू त्याला हाकललंस."

उरलेली चिमूटभर वाळू घेऊन मी सगळं पुन्हा केलं आणि या वेळी अकरा दिवस थांबले. ठिपके पुन्हा आले. ते वेगळे काढून परत दिव्याखाली धरले, तरी जगले.

"इतके दिवस थांबायचं कसं सुचलं गं तुला?" मॅडमनी कौतुकानं विचारलं. त्यांच्या मागे बीकर पुसणाऱ्या नानांनी ओठांवर बोट ठेवलं. निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. त्यांना जाता जाता बोलणी खायची नव्हती. मी नुसती हसले. मॅडमना तो माझा विनय वाटला. मला आठवडाभर जेवण गेलं नाही.

तोंडी परीक्षा नेमकी नानांच्या शेवटच्या दिवशी आली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही तेच विचारलं, अकरा दिवस कशावरून ठरवले? माझं इंग्रजी उत्तर तोंडपाठ होतं. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन नाना आले, माझा चेहरा बघितला आणि दारातूनच डोळे वटारू लागले.

"मी नाही ठरवले, सर," मी म्हणाले. "मी दुसऱ्याच दिवशी प्लेट टाकून दिली होती. या नानांनी ठेवली. ते म्हणाले होते, मरेल नही शे, जपेल शे."